तांब्याचे ४८ चौकोन: साताऱ्यातल्या धातुकामाच्या कार्यशाळेला एका गेटवाल्याचे साडेतीन स्टार

आधीच सांगतो, माझा धंदा गेट-ग्रिलचा. बॉक्स पाइप, अँगल, फ्लॅट पट्टी, वेल्डिंग, वरनं रेड ऑक्साइडचा हात, झालं. वीस वर्षं हेच चाललंय त्यामुळं कुणी "धातुकला" असा शब्द काढला की माझं तोंड आपोआप वाकडं होतं, कारण आमच्याकडं हल्ली कला म्हणजे गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं, असली सीएनसी कटिंगची जाळी पाहिजे, मोर पाहिजे, झाड पाहिजे, आणि आम्ही ती फाइल लेझरवाल्याकडं ढकलतो. तर ही कार्यशाळा मी काय हौसेनं लावलेली नाही. पोरीनं लावली. ती नववीत आहे, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी तिला सांगितलेलं, आणि फॉर्मवर "सोबत एक मोठी व्यक्ती" असं छापलेलं. बायको म्हणाली तुम्हीच जावा, हातोडा धरता येणारं घरात दुसरं कोण आहे. गेलो.

प्रकार असा होता की पेठेतल्या एका वाचनालयाच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याकडच्या बाजूनं, बारा फूट लांब आणि चार फूट उंच असं तांब्याचं उठावाचं काम बसवायचं. त्याचे एक बाय एक फुटाचे ४८ चौकोन करायचे, एक चौकोन एका माणसाचा, आणि सगळे जोडले की एकच मोठं चित्र. विषय आपल्याच भागातली जुनी बांधकामं. खाली कृष्णेचं पाणी, मध्ये लिंबची बारा मोटेची विहीर, मेणवलीची घंटा, वाईच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत, वाड्यांचे खांब-महिरपी, आणि सगळ्यात वर डावीकडनं उजवीकडं अजिंक्यतारा किल्ल्याची कड. चालवणारे दोघं, एक ताई एक दादा, दोघं पुण्यात शिकून आलेले, आणि प्रत्यक्ष हात धरून शिकवायला एक तांबट काका, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे, सत्तरीच्या पुढचे. चार रविवार. फी एका चौकोनाला १५०० रुपये, त्यात पत्रा, हत्यारं, चहा, आणि एक दिवसाच्या फिरण्याची गाडी.

पैशाचं आधी सांगून टाकतो कारण खाली सगळे तेच विचारणार. २४ गेजचा पत्रा होता, म्हणजे साधारण अर्धा मिलीमीटर जाड, एक स्क्वेअर फुटाचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर भरतं, आता तांब्याचा आजचा भाव लावून बघा. त्यात गाडी, गॅस, काकांचे पैसे. फी जास्त नाही. मी धंद्यातला माणूस आहे, मी घासाघीस न करता दिले यातच काय ते समजा.

पहिला रविवार फिरायचा. सकाळी सातला पोवई नाक्यावर जमायचं ठरलेलं, गाडी आली पावणेआठला, हा पहिला अर्धा मार्क गेला. पण ते फिरणं हा या अख्ख्या प्रकारातला सगळ्यात भारी भाग होता, तेव्हा त्याबद्दल जरा पाल्हाळ लावतो.

पहिल्यांदा लिंब. सातारकर असून मी ती विहीर नीट बघितलेली नव्हती, शेजारनं शंभर वेळा गेलेलो, लिंबमध्ये दोन बंगल्यांची गेटं बसवलीत मी, पण विहिरीत उतरलो ते शाळेच्या सहलीला, नंतर थेट आता. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी १७१९ ते १७२४. खोली सांगतात ११० फूट, व्यास ५०. अष्टकोनी, आणि वरनं बघितली की शिवलिंगासारखा आकार दिसतो. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी, एका वेळी असल्या बारा मोटा चालायच्या म्हणून बारा मोटेची. आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल आहे, जिन्यानं उतरून आत जायचं, भिंतीत दगडी शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेले. आमच्या आज्यानं मोट हाकलेली, त्याच्या गोष्टी वडील सांगायचे, पण बारा मोटा एकदम म्हणजे किती बैलं आणि किती गलका, ते तिथं काठावर उभं राहिल्यावर डोक्यात आलं.

इथं दादानं एक नियम घातला. पहिला अर्धा तास मोबाइल खिशातनं काढायचा नाही. प्रत्येकाला एक कागद, एक फूटपट्टी, एक दोऱ्याची गुंडी. आपापला एक तुकडा निवडायचा आणि मोजून काढायचा. मला वाटलं काय नाटकं आहेत, फोटो काढला की दोन सेकंदात काम झालं असतं. पण मोजायला लागलं की दिसायला लागतं राव. पोरगी एका शरभाच्या पंजापाशी पंचवीस मिनिटं बसलेली, बोटांच्या मधल्या खाचा दोऱ्यानं मोजत. माझ्या शेजारी एक रिटायर झालेले मास्तर होते, ते कमानीचे दगड मोजत होते आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता, तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच एक दगड हलवला. "आपल्याला काय वाटतं ते व्यक्त करा" असं कुणी आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही ४८ जणांनी ४८ सूर्य आणि ४८ मोर केले असते, मला खात्री आहे. समोर मोजायला खरी वस्तू ठेवली म्हणून काम झालं.

तिथनं वाई. ढोल्या गणपती सगळ्यांना पुढनं माहितीए, आम्हाला नेलं मागं. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, कृष्णेच्या काठाला चिकटून, आणि मागची भिंत माशाच्या आकाराची, म्हणजे पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी जावं. नावेचं नाक असतं तसं. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं आणि मी दर वर्षी दर्शनाला जातो. मास्तर म्हणाले, "आपण गणपतीला पाठ दाखवायची नाही म्हणतो, म्हणून त्याची पाठ पण बघत नाही." ते मास्तर असले काहीतरी बोलत असतात.

मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि मेणेश्वराच्या देवळाशेजारी ती घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आल्या त्यातली ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ साल. पोरीनं विचारलं चर्चची घंटा शंकराच्या देवळात कशी काय चालली, तर तांबट काकांना त्या प्रश्नात रस नव्हता. ते घंटेखाली वाकून काठ बघत होते. म्हणाले, "एवढं वजन घाटातनं चढवलं कसं आसंल त्या टायमाला, ते सांगा." मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त कामाचं वाटलं. घंटा ओतीव. काका करतात ते काम घडीव. घंटेच्या काशात तांबं आणि कथील, कथील जवळजवळ पाचात एक वाटा, त्यानं नाद येतो पण धातू कडक होतो, ठिसूळ होतो, गार असताना त्याच्यावर हातोडा घातला तर तडकणार. निव्वळ तांबं मऊ, पाहिजे तसं ठोका, वाकवा, फुगवा, पण वाजवलं तर बद्द आवाज. "म्हणून आपण भित्तीवर लावायचं करतूय, टांगायचं न्हाई," म्हणाले. घंटा बघून झाली तेव्हा दीड वाजलेला. जेवण आपापलं डब्यातलं, घाटावर बसून, हे फॉर्मवर लिहायला ते लोक विसरलेले त्यामुळं निम्म्या लोकांकडं डबाच नव्हता, आमच्या पोळ्या चार घरांत गेल्या.

संध्याकाळी परत आल्यावर पेठेतला एक जुना वाडा दाखवला. नाव लिहीत नाही कारण तो बिल्डरकडं गेलाय. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, वर महिरप, खाली लोंबणारी केळफुलं, दिंडी दरवाजा, खिडक्यांना लोखंडी गज. इथं मला जरा कानकोंडं झालं खरं. असे वाडे पाडले की ते गज भंगारात येतात आणि भंगारवाल्याकडनं माझ्याकडं येतात. हातानं घडवलेलं लोखंड, शंभर वर्षं पावसात काढलीत तरी वरची पापडी खरवडली की आत ठणठणीत. मी ते घेऊन काय करतो, तर कुणाच्या तरी पार्किंगच्या शेडला आधार म्हणून गाडतो. आणि त्याच वाड्याच्या जागी अपार्टमेंट उठलं की त्याचं गेट पण माझ्याकडंच येतं, मोरवालं. ते कुणाला बोललो नाही तिथं. माझ्या चौकोनासाठी मी त्या वाड्यातलं केळफूल घेतलं. पोरीचा शरभ, माझं केळफूल, दोन चौकोन, तीन हजार रुपये.

दुसऱ्या रविवारी खरं काम सुरू. आणि मी तोंडावर पडलो ते इथं.

पद्धत सांगतो. लोखंडी पाटीत राळ वितळवून भरलेली असते, त्यात विटेचा भुगा आणि थोडं तेल. ती कोमट असताना पत्रा वर चिकटवायचा. राळ धरून ठेवते पण दाबलं की दबते, त्यामुळं पत्रा फाटत नाही, खाली जागा मिळते त्याला. आधी कागदावरचं चित्र कार्बननं उतरवायचं, मग बोथट छिन्नीनं रेघ मारत जायचं. मग राळेतनं काढायचा, उलटा करायचा, आणि जिथं उठाव पाहिजे तिथं मागनं गोल तोंडाच्या ठशानं ठोकत फुगवायचं. परत सुलटा, परत रेघा बसवायच्या. असं चार-पाच वेळा. देवघरातले टाक बघितलेत ना, तसलाच उठाव, फक्त टाक साच्यावर दाबून काढतात आणि हे हातानं.

मधे मधे पत्रा कडक होतो. ठोकून ठोकून तांबं ताठ होतं, मग ऐकत नाही. तेव्हा काका गॅसच्या बत्तीनं तो लालसर होईपर्यंत तापवायचे आणि चिमट्यानं धरून पाण्यात सोडायचे. हे बघून मी म्हणलं, अहो काका, पाण्यात टाकलं तर आणखी कडक होईल की. कारण आमच्याकडं छिन्नीला पाणी द्यायचं म्हणजे हेच, लाल करायची आणि पाण्यात घालायची, कडक होते. मी एकदम आत्मविश्वासानं बोललो आणि आजूबाजूच्या चार लोकांनी मान पण डोलवली. काकांनी काही उत्तर दिलं नाही. पाण्यातनं काढलेला पत्रा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गेटवाले, वाकवा." बोटानं वाकला. लोण्यासारखा. लोखंडाचं जे होतं त्याच्या उलटं तांब्याचं. तापवल्यानंच ते मऊ पडतं, पाण्यानं नुसतं लवकर गार होतं आणि वरची काळी खपली सुटते. वीस वर्षं धातूत हात घालून मला हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासनं मी हॉलमध्ये सगळ्यांसाठी "गेटवाले" झालो, पोरीसकट.

पुढं त्याच दिवशी मी केळफुलाच्या टोकाला भोक पाडलं. सवय वाईट, आमचा हातोडा दोन पौंडी आणि काम एका घावात. काकांचा हातोडा मनगटातनं हलतो, टक टक टक टक, बारीक, एकसारखा, एका मिनिटाला किती मारतात मोजायला गेलो तर नाद लागला. मी मारला एक सणसणीत आणि ठसा आरपार. काकांनी ते मागनं डाग देऊन झाळून दिलं. आता भिंतीवर गेलात तर खालनं दुसऱ्या ओळीत डावीकडनं पाचवा चौकोन बघा, केळफुलाच्या टोकाला पांढरट ठिपका दिसेल, तो मी.

आवाजाचं कुणीतरी बोललंच पाहिजे. पत्र्याच्या छताचा हॉल, आणि आत कितीतरी हातोडे एकदम. कानात घालायला काही दिलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी कापूस नेला आणि वाटला. गॉगल पण नव्हते. बत्ती काकांशिवाय कुणाच्या हातात दिली नाही हे चांगलं, आणि पत्रे साफ करायला ॲसिड न वापरता चिंच-मीठ वापरलं, पोरं होती म्हणून, हेही चांगलं. पण साधे प्लॅस्टिकचे गॉगल काय जड होते का. दहा वर्षांखालची पोरं घेऊन जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, कंटाळतात आणि राळेत बोटं घालतात. राळेच्या पाट्याही कमी पडत होत्या, निम्मा वेळ वाट बघण्यात.

तिसऱ्या रविवारी तासभर स्लाइड शो. हे मला झेपलं नाही. कुठल्या कुठल्या देशातल्या चौकातली शिल्पं, लोकांनी मिळून केलेल्या भिंती. त्यातलं एक मला आवडलं, पंजाबात जंडियाला गुरू म्हणून गाव आहे, तिथल्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवायची पद्धत २०१४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. ठठेरे म्हणजे आपले तांबटच. बाकी सगळं परदेश. आता मला सांगा, इथनं तासाभरावर औंधला श्री भवानी संग्रहालयात हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी एवढा संग्रह आपल्या गावात आणून ठेवला, त्याचं नाव एका स्लाइडला नाही. आणि तो तासभर काका मागच्या खुर्चीवर चहाचा कप धरून बसलेले. त्यांना माइक दिला असता तर मी तासभर काय, दोन तास बसलो असतो. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम (ठोकून ठोकून पत्र्यावर बारीक खळगे उठवायचं काम), कल्हईवाले गल्लीत यायचे तो काळ, नवसागराचा धूर, स्टील आल्यावर घागरी-हंडे मोडीत कसे गेले, हे सगळं ते आम्हाला चहाच्या वेळेला तुकड्या तुकड्यानं सांगायचे. ते कुणी रेकॉर्ड केलं नाही. स्लाइड शोचं मात्र शूटिंग होतं.

आता शेजाऱ्यांचं प्रकरण. एकच चित्र ४८ तुकड्यांत म्हणजे माझ्या चौकोनातनं निघालेली रेघ शेजारच्याच्या चौकोनात बरोबर त्याच जागी शिरली पाहिजे. कागदावर शिरत होती. ठोकल्यावर कोण कुठं गेलं कुणाला पत्ता नाही. मास्तरांची अजिंक्यताऱ्याची कड उजवीकडं संपते तिथं शेजारच्या चौकोनवाल्या ताईंची कड अर्धा इंच खालनं सुरू होते, त्यामुळं किल्ल्याला आता एक पायरी आहे जी खऱ्या किल्ल्याला नाही. यावरनं दोघांचं जुंपलं. मास्तर म्हणायचे मी फूटपट्टीनं काढलंय, ताई म्हणायच्या मी पण. काकांनी दोन्ही पत्रे शेजारी ठेवले, बघितलं आणि म्हणाले दोघंबी बरोबर हायसा, पत्रा सरकलाय. मग दोघांना एका पाटीवर बसवलं आणि दोघांना निम्मं निम्मं अंतर भरून काढायला लावलं. पायरी गेली नाही पूर्ण, पण आता घळ असल्यासारखी दिसते. दोघं त्यानंतर रोज संध्याकाळी फिरायला जाताना एकमेकांना हात करतात असं ऐकलं.

पत्रा सरकतो म्हणजे काय तेही सांगतो कारण इथं चालवणाऱ्यांची मोठी चूक झाली. पत्र्याला मधनं फुगवलं की कडा आत ओढल्या जातात. कुठनं तरी माल येणारच ना फुगवट्यात. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की चौकोन साडेबारा इंचाचे कापा, काम झाल्यावर बाराला छाटू. हे मी माझ्या कानानं ऐकलंय. पण पत्रे आधीच बरोब्बर बारा इंचाचे कापून आणलेले, आणि वाया जाईल म्हणून परत कापले नाहीत. शेवटी काय झालं, कुणाचा पावणेबारा, कुणाचा साडेअकरा, पोरीचा शरभ फार फुगलेला म्हणून तो तर आणखीनच आकसलेला आणि कडेला वेडावाकडा. फ्रेमवर लावून बघितलं तर सगळीकडं फटी. त्या दिवशी दादाचा चेहरा बघवत नव्हता.

मग यावर उपाय निघाला तो मात्र झकास निघाला. चौकोनांच्या मधल्या फटींवर पितळी पट्टी टाकायची, उभी-आडवी, आणि जिथं पट्ट्या मिळतात तिथं जुन्या दरवाजांना असतात तसले फुगीर डोक्याचे खिळे. ही आयडिया कुणाची यावर अजून वाद आहे, माझ्या मते काकांची, कार्यशाळा चालवणाऱ्या ताईंच्या मते चर्चेतनं आली. काही असो, आता लांबनं बघितलं की वाड्याच्या खिडकीच्या गजांमधनं बाहेरचा साताराच बघतोय असं वाटतं, आणि नवीन येणाऱ्याला वाटतं हे पहिल्यापासनंच असं ठरवलेलं. त्या दिवशी पट्ट्या कापायला मी माझा ग्राइंडर आणि पोरगा घेऊन गेलो, दुकानातला पोरगा म्हणजे. रात्री अकरापर्यंत काम. त्या रात्रीचे कांदेपोहे वाचनालयाच्या काकूंनी घरनं करून आणलेले, ते पाचपैकी पाच.

मे महिन्यात भिंतीवर चढलं. चांगलं दिसतं, खरंच चांगलं दिसतं. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की ठोकलेल्या एकेका खळग्यात उजेड धरतो, लेझर कटिंगच्या जाळीवर असं कधी होत नाही, ती सकाळी पण सपाट आणि संध्याकाळी पण सपाट. रस्त्यावरनं जाणारे थांबतात. भाजीवाल्या मावशी कोण आलं की आपल्या नातवाचा चौकोन हात लावून दाखवतात.

तरी दोन गोष्टींनी माझं डोकं फिरलं.

एक म्हणजे फ्रेम. फ्रेम एमएसची, म्हणजे साध्या लोखंडाची केली, ठीक आहे, पैसे कमी होते. पण तांब्याचे पत्रे तिच्यावर डायरेक्ट टेकवले आणि स्क्रू साधे लोखंडी. तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटवून वरनं पावसाचं पाणी सोडलं की लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं, एकटं असताना गंजेल त्याच्यापेक्षा लवकर, हे कुठल्याही प्लंबरला विचारा. मी तेव्हाच म्हणलं होतं एसएस ३०४ चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, मधे नायलॉनचे वॉशर टाका आणि फ्रेम-पत्र्याच्या मधे रबराची पट्टी द्या, फार खर्च नाही. म्हणाले बघू. आता तुम्ही म्हणाल फ्रेमचं काम तुला मिळालं नाही म्हणून तू बोलतोय. थोडं ते पण आहे, मान्य करतो. पण साताऱ्याचा पाऊस काय मला विचारून पडत नाही. जुलै संपायच्या आत वरच्या ओळीतनं तपकिरी ओघळ, थेट अजिंक्यताऱ्यावरनं खाली विहिरीत. ताई-दादांना फोन केला तर म्हणाले पुढच्या प्रोजेक्टमध्ये बिझी आहोत, दिवाळीनंतर येतो. दिवाळी होऊन गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे कडेचा बोर्ड. सगळ्या ४८ जणांची नावं आहेत, बारीक अक्षरात पण आहेत, पोरीचं नाव बरोबर लिहिलंय. वर मोठ्या अक्षरात संकल्पना, त्याखाली डिझाइन. आणि सगळ्यात खाली "सहाय्य", तिथं काकांचं नाव. सहाय्य! ज्या माणसानं ४८ च्या ४८ पत्रे तापवून दिले, माझं भोक झाळलं, मास्तरांचं भांडण मिटवलं, तो सहाय्यक. मी विचारलं तर सांगितलं की अशीच पद्धत असते, डिझाइन ज्याचं त्याचं नाव वर. असेल बाबा. आमच्या धंद्यात गेटवर माझं पण नाव नसतं, पण मी कुणाला शिकवायला जात नाही. काकांना बोर्डाबद्दल विचारलं तर म्हणाले, "चष्मा न्हवता आणला." एक मार्क इथं गेला, आणि तो मी परत देणार नाही.

चमक ठेवायची की नाही यावर पण बरंच झालं. ताई-दादांचं म्हणणं, कसलं लॅकर मारायचं नाही, तांब्याला आपला आपला रंग येऊ दे, आधी तपकिरी, मग वर्षानुवर्षांनी हिरवट. काही लोकांना हे पटलेलं नाही, त्यांच्या घरात काळं पडलेलं तांब्याचं भांडं म्हणजे सुनेच्या नावानं बोटं मोडायचं कारण. एका आजी आहेत, समोरच्याच बिल्डिंगमधल्या, त्या दर एकादशीच्या आदल्या दिवशी वाटीत पितांबरी घेऊन येतात आणि फक्त आपल्या नातीचा चौकोन घासून जातात. त्यामुळं पूर्ण तपकिरी भिंतीत एकच चौकोन आरशासारखा. दादानं त्यांना समजवायचा प्रयत्न केला म्हणे, आजी म्हणाल्या तुमचं झाल्यावर माझं घासू नका म्हणजे झालं. पोरीच्या शरभावर वेगळीच गंमत झालीय. शेवटच्या दिवशी तिनं घामट हातानं पत्रा धरलेला, तेव्हा काही दिसलं नव्हतं, आठवड्याभरानं तिथं अंगठ्याचा ठसा उमटला, काळपट, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. अजून आहे.

तर लावायची का कार्यशाळा? पुढची बॅच सांगलीकडं कुठंतरी करायच्या विचारात आहेत असं ऐकलं, तिकडच्या लोकांनी जावं. शिकायला मिळतं, खरंखुरं मिळतं, नुसती सर्टिफिकेटची कार्यशाळा नाही. कापूस स्वतःचा न्या, गॉगल स्वतःचा न्या, फिरायच्या दिवशी डबा न्या. पत्रा अर्धा इंच वाढीव मागून घ्या आणि नाही म्हणाले तर माझं नाव सांगा, गेटवाले म्हणा. पूर्ण बाहीचा कॉटनचा शर्ट घाला, राळ अंगावर उडाली की चटका बसतो आणि कपड्यावरनं निघत नाही. चहाच्या वेळेला काकांच्या शेजारची खुर्ची धरा.

स्क्रूंचं शेवटी मीच मनावर घेतलं. वाचनालयाच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या आम्हाला काय, भिंत आमचीच आहे. मागच्या रविवारी वरच्या ओळीतले सगळ्यात गंजलेले आठ काढून एसएसचे टाकले, वॉशर घालून. मास्तर शिडी धरायला आलेले, धरली कमी आणि किल्ल्याच्या पायरीबद्दल बोलले जास्त. अजून वरच्याच ओळीत अठरा राहिलेत. या रविवारी नऊ वाजता परत आहे, ड्रिल माझं, शिडी वाचनालयाची, कुणाला यायचं असेल तर दहा नंबरचा पाना घेऊन या, माझा कुणीतरी मागच्या वेळी नेलाय.